पाऊण तास चुकलेली ओहोटी

आमच्या घरी कोणी जेवायला आलं की वाढून होईपर्यंत एक गोष्ट हमखास निघायची. "शेजारच्या जपानी आजोबांनी बाबांना समुद्रात नेलं आणि बुडवायचंच बाकी ठेवलं." मुलगा सांगायचा, सूनबाई भर घालायची, पाहुणे माझ्याकडे बघून "बापरे" म्हणायचे आणि मी मान हलवायचो. दोन वर्षं मी मान हलवली. ती गोष्ट खोटी आहे आणि तिच्यातलं खोटं माझं आहे. ज्यांनी ती आमच्या टेबलावर ऐकली त्या प्रत्येकाला गाठून सांगणं या वयात जमायचं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

मी वेंगुर्ल्याकडचा. हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. मुलगा परदेशात, बर्नाबी शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही नवराबायको त्याच्याकडे राहायला येणार हे ठरल्यावर त्याने ऑफिसजवळचा कॉन्डो विकला आणि स्टीव्हस्टनला टाउनहाऊस घेतलं. त्याचं रोजचं ड्रायव्हिंग तासाभराने वाढलं. "बाबांना समुद्र लागतो," एवढंच तो म्हणाला. असा मुलगा मिळणं हे माझं भाग्य, आणि खोटं मी त्याच्याशीच बोललो.

स्टीव्हस्टन नदीच्या मुखाशी आहे. जुन्या काळी जपानच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांतून आलेल्या कोळ्यांनी हे गाव उभं केलं. अजूनही सकाळी धक्क्यावर बोटी लागतात आणि लोक बोटीवरूनच मासे घेतात. पहिल्याच आठवड्यात आमच्या हिने एका बोटीवरचा साल्मन उचलून त्याचे कल्ले उघडून पाहिले. बोटवाला ओरडला, "मॅम, प्लीज डोन्ट टच!" ही ओशाळली. तेवढ्यात मागून एक वाकलेले, निळी टोपी घातलेले गृहस्थ बोटवाल्याला म्हणाले, "पाहू दे रे त्यांना. आज गावात मासा कळणारं एक तरी माणूस आलंय."

हे गृहस्थ आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी निघाले. वय ऐंशीच्या पुढे, बायको वारलेली, मुलगी दूर ओटावाला. त्यांनी मासेमारीत जन्म घालवला होता, म्हणून मी त्यांना कॅप्टन म्हणू लागलो. मी मास्तर आहे हे कळल्यावर ते मला टीचर म्हणू लागले. त्यांचा जन्म याच गावातला. दुसऱ्या महायुद्धात इथल्या सरकारने जपानी लोकांच्या होड्या काढून घेतल्या, माणसांना डोंगरांपलीकडे पाठवलं. तेव्हा ते शाळकरी होते. वडिलांची होडी परत मिळाली नाही. काही वर्षांनी कुटुंब परत आलं आणि दुसऱ्याच्या बोटीवर हमालीपासून सुरुवात केली. एवढं त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मुळे उपटता उपटता.

त्यांच्या अंगणातले मुळे हातभर लांब व्हायचे. एक पिशवीभर आमच्या दारात आले. ही कोणाचं भांडं रिकामं परत देणारी नव्हे, तिने डब्यात नारळाच्या वड्या पाठवल्या. त्यांच्याकडेही तोच नियम निघाला. डब्यातून खारवलेले मुळे आले. मग आमच्याकडून सोलकढी गेली, तिकडून सुकवलेला मासा आला. सूनबाई म्हणाली, "हे थांबणार कधी?" ही म्हणाली, "ज्याला लाज नसेल तो थांबवील."

नवीन वर्षाला त्यांनी आम्हाला त्यांच्या लोकांच्या हॉलमध्ये नेलं. तिथे शिजवलेला चिकट भात लाकडी उखळीत मोठ्या मोगरीने कुटत होते. एक म्हातारी दोन घावांच्या मध्ये हात घालून भात उलटायची. तरुण मंडळी दमली तेव्हा आमच्या हिने पदर खोचला. लहानपणी पोहे कांडलेले हात! वीस घाव सलग घातले. सगळा हॉल ताल धरून ओरडत होता. कॅप्टन मला म्हणाले, "टीचर, तुम्ही घरी भांडत नाही ना?"

कुर्ल्या पकडायला मी त्यांच्याबरोबर त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जाऊ लागलो. अर्ध्या तासावर एक उथळ उपसागर आहे. ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की किलोमीटरभर वाळू उघडी पडते. आम्ही दोघांनी लायसन्स काढलं होतं. गुडघाभर पाण्यात बोथट दाताळ्याने वाळू चाचपायची आणि कुर्ली लागली की मागून उचलायची. कॅप्टन प्रत्येक कुर्लीला मापाची पट्टी लावायचे. लहान असली की परत, मादी असली की परत. पोटाखालचा रुंद पडदा पाहून मादी मीही ओळखत होतो. त्यांनी ते पाहिलं आणि दुसरी पट्टी माझ्या हातात दिली. सांगायला हरकत नाही, निवृत्तीच्या दिवशीच्या शालीपेक्षा मला ती पट्टी मोठी वाटली.

त्यांच्या खिशात भरती-ओहोटीच्या वेळांचं सरकारी पुस्तक असायचं. त्यातल्या पूर्ण ओहोटीच्या वेळेवर पेन्सिलीची खूण. ती वेळ झाली की ते हात वर करून "बस" म्हणायचे आणि हातातली कुर्लीसुद्धा न मोजता सोडून किनाऱ्याकडे वळायचे.

मला ते पुस्तक जरा खुपायचं. आमच्याकडे समुद्र तिथीवर ओळखतात. दर तिथीला ओहोटी सुमारे पाऊण तास पुढे सरकते, हे कोळ्याचं पोर बोटांवर सांगतं. मी हे गणित वर्गात शिकवलेलं. फ्रिजवर गावाहून आणलेलं मराठी कॅलेंडर होतं. त्यावर मी पेन्सिलीने वेळा मांडून पाहू लागलो आणि दोनतीनदा पुस्तकाशी जुळल्यावर मला जोर चढला.

त्या दिवशी मंगळवार होता. शनिवारी ओहोटी तळाला गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. त्यानंतर चार तिथ्या उलटल्या, म्हणजे तीन तास मिळवायचे. माझं उत्तर आलं दीड. कॅप्टनच्या पुस्तकात पाऊण होतं. पाऊण वाजता त्यांनी हात वर केला.

मी म्हणालो, "कॅप्टन, अजून पाऊण तास पाणी उतरेल. माझा हिशेब पक्का आहे."

"तुमच्या समुद्राचा असेल."

"चंद्र एकच आहे की."

"चंद्र एकच, टीचर. वाळू वेगळी. इथे पाणी समोरून येत नाही, पाठीमागच्या चरातून येतं. चला."

"तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

ते थोडा वेळ उभे राहिले. बादली जड होती आणि त्यांचा गुडघा दुखत होता. मग ते गेले. मी उलट्या दिशेला, आणखी आत, एका वाळूच्या उंचवट्यावर गेलो. तिकडे जायला मला कोणी सांगितलं नव्हतं. एक मोठी कुर्ली घेऊन परतायचं आणि पुस्तकाला खोटं पाडायचं, एवढंच डोक्यात होतं.

दोन वाजता मागे वळलो तर येताना पोटरीएवढा असलेला चर कमरेपर्यंत भरला होता आणि ओढत होता. पाणी बर्फासारखं. मी पोहणारा माणूस, पण बहात्तराव्या वर्षी त्या थंडीत पायच हलेनात. एक बूट चिखलात राहिला, चष्मा गेला. ओरडलो बहुतेक मराठीत.

धुरकट दिसलं ते एवढंच की निळी टोपी पाण्यात शिरतेय. कॅप्टन दाताळ्याचा लांब दांडा पुढे धरून छातीभर पाण्यात आले. "दांडा धरा. मला नाही, दांडा." त्यांनी मला ओढून काढलं. बाहेर येताना त्यांचा पाय मुरगळून ते पडले. त्या दिवसापासून ते काठी घेऊन चालतात.

किनाऱ्यावरच्या कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली होती आणि कॅप्टनकडून नंबर घेऊन मुलालाही कळवलं होतं. मी ब्लँकेटात बसलेलो असताना मुलगा धावत आला. चेहरा पांढराफटक. "बाबा, एवढ्या आत कशाला गेलात? कोणी सांगितलं होतं?"

मला खरं सांगता आलं असतं. पण त्या क्षणी दिसलं ते असं: आता हा मला एकट्याला बाहेर सोडणार नाही. बागेत भेटणारे एक गृहस्थ असेच एकदा वाट चुकले आणि तेव्हापासून बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसून आहेत. आणि लाजही वाटली, भूगोलाच्या मास्तराला समुद्राने पकडलं याची. मी म्हणालो, "यांनीच सांगितलं. म्हणाले, तिकडे मोठ्या कुर्ल्या असतात."

मुलगा वळला आणि इंग्रजीत त्यांना नको नको ते बोलला. कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढली, ओल्या कपड्यांत कमरेतून वाकले आणि म्हणाले, "त्यांना सोडून जायला नको होतं. माझी चूक. सॉरी."

नंतर घरी कॅलेंडर उघडलं तेव्हा चूक दिसली. मधली एक तिथी क्षय होती. तीन दिवसांत चार तिथ्या गेल्या होत्या आणि मी दिवस न मोजता तिथ्या मोजल्या. पाऊण तास तिथेच चुकला. सहावीच्या मुलाच्या वहीत मी त्यावर लाल फुली मारली असती.

डब्यांची ये-जा थांबली. कुंपणापाशी ते दिसले की मान झुकवायचे, मीही झुकवायचो आणि घाईने आत यायचो.

गेल्या वसंतात एका संध्याकाळी सूनबाई फोनवर नातीच्या शाळेचा ईमेल वाचत होती. "ऐका. हिच्या ग्रेडची फील्ड ट्रिप बीचवर आहे आणि मुलांना वाळूत फिरवणार कोण, तर आपले शेजारी! मी कमिटीला लिहितेय. धिस इज अ सेफ्टी इश्यू."

नात म्हणाली, "मम, ही डझ इट एव्हरी इयर! ही इज द बेस्ट!"

"लिही," मुलगा म्हणाला. "खाली माझंही नाव घाल."

वर्षातून तो एक दिवस कॅप्टनचा असतो, हे मला माहीत होतं. त्यासाठी ते आदल्या आठवड्यात टोपी धुऊन वाळत घालतात, आणि ती आमच्या खिडकीतून दिसते. एक ईमेल गेला असता तर ऐंशी वर्षं समुद्र ओळखणाऱ्या माणसाला गावाने पोरांना बुडवणारा ठरवलं असतं.

"पाठवू नकोस," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. तिथी, पाऊण तास, उंचवटा, दांडा.

कोणी जेवेना. मुलगा म्हणाला, "बाबा, मी त्यांना काय काय बोललो, आठवतंय?"

"आठवतंय."

"तुम्ही तिथेच होतात."

"हो."

"सो यू लाइड, आबा?" नात.

"येस."

आमची ही ताटाकडे बघत म्हणाली, "कॅलेंडरवरचा तुमचा हिशेब मीच खोडला. कोणाला दिसू नये म्हणून. मलाही घाला त्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामावर गेला नाही. आम्ही दोघे कॅप्टनच्या दारात गेलो. मुलाने माफी मागितली, मीही मागितली. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा केला, मग मुलाला म्हणाले, "तू मुलगा आहेस. ओरडलास ते बरोबर केलंस." आणि मला म्हणाले, "माझी चूक मी कबूल केली ती खरी होती. ज्याच्या खिशात पुस्तक, तो सोबत्याला सोडून जात नाही. ती चूक माझी, ती तुम्हाला देणार नाही. पण एक गोष्ट, टीचर." ते पहिल्यांदाच रागावलेले दिसले. "तिकडे मोठ्या कुर्ल्या असतात, असं मी म्हटलं? त्या उंचवट्यावर? तिथे एकही धड कुर्ली मिळत नाही, हे गावातलं मांजरसुद्धा सांगेल! दोन वर्षं लोकांना वाटतंय की मला एवढंही कळत नाही."

मी काय भरपाई करू विचारलं. म्हणाले, "ट्रिपला या. मुलांना तुम्हीच सांगा."

गेलो. वाळूवर पंचवीसेक मुलं अर्धवर्तुळात उभी, नात पुढेच. माझ्या इंग्रजीत मी सांगितलं की मोठी माणसंसुद्धा हिशेबाच्या घमेंडीत अडकतात, आणि मला यांनी बाहेर काढलं. हेही सांगितलं की मी नंतर खोटं बोललो. शिक्षिका जरा चुळबुळली, पण मुलं शांत ऐकत होती. या गावाने, त्या माणसाने आणि घरच्यांनी मला तरीही आपलं मानलं, याचे आभार कुठल्या भाषेत मानावेत ते मला तिथे सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

एका मुलीने हात वर केला. "पण तिकडे खरंच मोठ्या कुर्ल्या होत्या का?"

"नाही," मी म्हणालो. "तिथे काहीच मिळत नाही."

कॅप्टन काठीवर रेलून उभे होते. ते मुलांकडे वळून म्हणाले, "हे लक्षात ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल."