आर्डिसने मालकाचे पैसे नाकारले

सप्टेंबर संपत आला होता. एका शुक्रवारी रॉस हालवर्सनने आम्हा सगळ्यांना शिडांच्या माळ्यावर बोलावलं, तेव्हा मला वाटलं, हा आता धंदा विकतोय. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या अफाट तळ्याच्या काठावरची ती गोदी त्याच्या वडिलांनी उभी केलेली. आम्ही मोजकीच माणसं तिथे बोटी दुरुस्त करायचो, थंडीसाठी गुंडाळून ठेवायचो. मी डोलकाठ्यांचे दोर आणि तारा बसवायचो. माझ्या शेजारच्या मोठ्या मशीनवर आर्डिस टॉलेफसन शिडं शिवायची. रॉस शाळेत होता तेव्हापासूनची ती.

पण बातमी भलतीच निघाली. जानेवारीपासून प्रत्येकाने आपापला आरोग्य विमा घ्यायचा आणि त्यासाठी दरमहा ठरावीक पैसे कंपनी देणार. आमच्या गोदीत आजवर विम्याचा एक पैसाही कुणाला मिळाला नव्हता. डेव्हिन मेकॅनिकने तर मालकाला उचलूनच घेतलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आर्डिसनेही. मग खाली उतरताना तिने माझा दंड धरला आणि विचारलं, उद्या मला लायब्ररीत सोडशील का? ऊन समोरून आलं की तिला रस्ता दिसत नसे.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मालकाला ते ठाऊक नव्हतं, मला होतं, कारण दोऱ्याचा रंग ती मला विचारायची आणि शिवण बोटांनी चाचपायची. डलूथ शहरातल्या डॉक्टरकडे पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं होतं. आर्डिस एकसष्ट वर्षांची. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा पासष्टीला लागतो. तोवर तिने सरकारी विमा-बाजारातून पॉलिसी घेतली होती आणि तिच्या हप्त्याचा मोठा भाग सरकार करातल्या सवलतीतून परस्पर भरत होतं. ती सवलत नसती तर त्या डॉक्टरच्या दारात उभं राहणंही तिला परवडलं नसतं.

लायब्ररीत शनिवारी मरीसा ओब्राडोविच बसते आणि लोकांना विमा निवडायला मदत करते. तिने आर्डिसचं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. मालकाचे पैसे आणि सरकारची सवलत दोन्ही एकदम घेता येत नाहीत, ती म्हणाली. त्यातही मेख अशी, की मालकाच्या पैशांनी पॉलिसी परवडते असं सरकारी हिशेबात बसलं तर सवलत जाते. मालकाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत तरी जाते. त्याने देऊ केले, एवढंच पुरे.

आर्डिसने खाली बघितलं. मरीसाने आकडे घातले आणि हसली. तरुणांना रॉसची रक्कम जवळजवळ पुरत होती, पण आर्डिसच्या वयाला हप्ताच एवढा होता की ते पैसे धरूनही सरकारी हिशेबात पॉलिसी परवडत नव्हती.

"म्हणजे तुमचं नशीब चांगलं," मरीसा म्हणाली. "पैसे नको म्हणून वेळेत कळवा, सवलत तशीच राहील."

परतताना आर्डिस गाडीत गुणगुणत होती.

रविवारी चर्च सुटल्यावर तळघरात कॉफी चालली होती. रॉस लगबगीने आमच्याकडे आला. त्याचा चेहरा फुलला होता. रात्रभर त्याला झोप नव्हती म्हणे, कारण पोरांचा सगळा हप्ता भागतोय आणि आर्डिसचा अर्धाही नाही. वयाप्रमाणे जास्त द्यायला कायद्याची परवानगी आहे, म्हणून पंचावन्नच्या पुढच्यांना त्याने रक्कम दुप्पट केली होती. पंचावन्नच्या पुढची ती एकटीच. आमचा हिशेबनीस लेलँड उद्या सकाळी सगळ्यांना नोटीस धाडणार होता.

आर्डिसने कप खाली ठेवला. "रॉस, ती वाढ काढून टाक."

"अगं, लाजतेस कसली? तुझा हक्क आहे तो."

"लाजत नाहीये मी. तू जास्त दिलंस तर माझं ऑपरेशन बुडेल."

मग तिने डोळ्यांचं सगळं सांगितलं. रॉस तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. मी चर्चच्या स्वयंपाकघरात जाऊन मरीसाला फोन लावला आणि तिने दुप्पट रकमेवर पुन्हा आकडे घातले. पॉलिसी आता जेमतेम परवडणारी ठरत होती. सवलत गेली असती, आणि आर्डिसच्या खिशातून आतापेक्षा कितीतरी जास्त गेलं असतं.

"मी जास्त देतो म्हणून तू बुडणार?" रॉस म्हणाला. "हा कुठला कायदा?"

"तो नंतर बदल. आधी लेलँडला गाठ."

लेलँडचा फोन लागेना. त्याच्या बायकोने सांगितलं, तो कुत्रं घेऊन रानकोंबड्यांच्या शिकारीला गेलाय आणि तिथून परस्पर ऑफिसात जाऊन रात्रीच नोटीस धाडून मोकळा होणार. आम्ही तिघं रॉसच्या पिकअपमध्ये चढलो. चर्चचे बूट, इस्त्रीचे कपडे, आणि जंगलातला लाकूडतोड्यांचा खड्डेबाज रस्ता! आर्डिस मधे बसली होती, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून. दर वळणावर रॉस हॉर्न वाजवी, आणि ती म्हणे, "अरे हळू, डोळे गेलेत, हाडं शाबूत आहेत."

पिवळ्या पडलेल्या झाडीत लेलँडची गाडी दिसली, पण माणूस नव्हता. रॉसने हाका मारल्या. मीही मारल्या. शेवटी आर्डिसने आम्हाला गप्प केलं, मान कलती करून ऐकलं आणि नाल्याच्या बाजूला बोट दाखवलं. तिकडे कुत्रं भुंकत होतं. आम्ही चिखलातून धावलो. नारिंगी टोपीतला लेलँड आम्हाला पाहून घाबरला, कुणीतरी गेलं असंच त्याला वाटलं.

सगळं ऐकून त्याने बंदूक खांद्यावरून उतरवली. "तीस वर्षं हिशेब लिहितोय," तो म्हणाला, "पण माणसाला कमी पैसे द्यायला जंगलात धावत आलेला मालक पहिलाच."

आर्डिस एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. सोमवारी नोटीस गेली ती जुन्या रकमेचीच. तिने त्याच दिवशी पैसे नको म्हणून लिहून दिलं आणि नोव्हेंबरात मरीसाच्या समोर बसून पुढच्या वर्षासाठी आपली पॉलिसी पुन्हा घेतली. सवलतीसकट.

जानेवारीत डलूथला तिला मी आणि रॉस घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा आर्डिस आधी डॉक्टरकडे वळली, मग रॉसकडे, आणि बराच वेळ बघत राहिली.

"तुझे एवढे केस पिकलेत," ती म्हणाली, "आणि मला कुणी सांगितलं नाही."

रॉस दोन्ही हातांनी डोकं झाकून हसत सुटला. घरी जाताना तिने खिडकीवरून नजर हलवली नाही. गोठलेल्या तळ्यावर लोकांनी बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या खोपट्या मांडल्या होत्या, आणि ती एकेकीचा रंग मोठ्याने सांगत होती. लाल. ही हिरवी. ही कसली, मोरपंखी?

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती माळ्यावर आली तेव्हा तिने मशीनला हात लावण्याआधी मागच्या हिवाळ्यात शिवलेलं एक शिड जमिनीवर पसरलं. त्याच्यावरून गुडघ्यांवर फिरली, कडेने शिवण निरखली, जागोजाग वाकडी गेलेली पाहिली, आणि कात्री मागितली. ते अख्खं शिड तिने उसवलं. आम्ही म्हणालो, राहू दे, गिऱ्हाइकाची तक्रार नाही. तिने ऐकलं नाही. दोरा स्वतःच निवडला, मला न विचारता, सुईत ओवला आणि मशीन सुरू केलं.