आईचे हात आणि वासराचं गजकर्ण

आमचं भाताचं एकच पीक, तेही सहा महिने पुरेल इतकं. बाबा वाशिंदच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होते. ठेका संपला की घरी बसायचे, आणि असं बसणं दर वर्षी व्हायचं. त्या काळात घर आईच्या हातांवर चालायचं. आई बाळंतिणींना आणि त्यांच्या बाळांना न्हाऊ घालायची. मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावापासून आत, आमच्या आणि शेजारच्या पाड्यात कुठंही बाळ जन्मलं की सव्वा महिना रोज सकाळी आई तिथं. पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायचं, तेल जिरेपर्यंत चोळायचं, मग कढत पाणी. शेवटी तिला तांदूळ, नारळ, साडी मिळायची, जमलं तर पैसेही. ज्या पोरांना तिनं चोळलं ती आता शाळेत पळतात. तिचा हात हलका आहे असं बायका म्हणायच्या.

मग तिच्या हातावर गजकर्ण उठलं.

आधी डाव्या मनगटावर, बांगड्यांच्या खाली, रुपयाएवढा लाल गोल. कडा उठलेली, बारीक पुरळाची. मधली कातडी जवळजवळ साफ. खाजवलं की कोंडा पडायचा. आईनं टाकळ्याचा पाला लिंबाच्या रसात वाटून लावला. आमच्याकडे सगळे तेच लावतात. आग व्हायची, खाज थोडी दबायची, गोल मात्र वाढत गेला.

बाबांनी कामावरच्या एकाकडून ऐकून मुरबाडच्या मेडिकलमधून ट्यूब आणली. डॉक्टरची चिठ्ठी लागली नाही, कोणी काही विचारलं नाही. पहिल्याच रात्री खाज गेली. आई म्हणाली, "औषध हाय का जादू?" मग त्याच ट्यूबमधून बाबांनी जांघेत लावलं, मी कमरेला, सलवारीची नाडी बांधते तिथं. खाज थांबली की लावणं थांबवायचं, परत उठलं की परत लावायचं. दर वेळी आधीपेक्षा जास्त उठायचं. आईचा डाग कोपरापर्यंत चढला आणि त्याचा आकारच गेला. कडा पुसट, मध्ये जांभळट पट्टे, कातडी कागदासारखी पातळ. गोल दिसत नाही म्हणजे गजकर्ण नाही, अंगातली उष्णता आहे, असं शेजारणी सांगायच्या. पण आपलं बाळ मात्र त्यांनी तिच्या हातात दिलं नाही.

"वयनी, तुमी जरा आराम करा," एकजण दारात उभी राहून म्हणाली. "पोराला आमची सासूच घालील पाणी."

"तुजी सासू? तिला वाकता येत नाय गो," आई हसून म्हणाली. ती बाई हसली नाही.

त्याच वर्षी मी मुरबाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. आमच्या घरात, आईच्या आणि बाबांच्या दोन्ही बाजूंनी, पदवी घेणारी मी पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. आईनं पेढे आणले आणि वाटायला मलाच पाठवलं. स्वतः उंबऱ्याच्या आत राहिली. तिच्या हातून लोक घेणार नाहीत हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

माझी मोठी बहीण शहापूरजवळ सापगावला दिलेली. तिला सातवा महिना लागला तेव्हा आम्ही ओटी भरायला गेलो. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. आईनं बाळासाठी मऊ दुपटी शिवून ठेवली होती. ओटीत तांदूळ घालताना तिच्या बांगड्या मागे सरकल्या. ताईच्या सासूनं सगळ्या बायकांसमोर तिचं मनगट धरलं.

"विहीणबाई, हे काय हो?"

"उष्णता हाय. औषध चालू हाय."

"उष्णता आमालाबी होते, पन अशी नाय होत. राग मानू नका. ह्या हातांनी माज्या नातवाला तेल लावाल?" आईनं मनगट सोडवून घेतलं. "हात बरे झाले तर पोर धाडीन. नाय तर बाळंतपण हितंच."

तिचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. परतताना एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मुरबाड आलं तेव्हा म्हणाली, "गावभरची पोरं चोळली मी. आणि माजंच नातवंड दुसऱ्या बाईच्या पायावर."

घरी येऊन मी त्या ट्यूबवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. बुरशीचं औषध होतं, त्यासोबत स्टिरॉइडही होतं. स्टिरॉइड म्हणजे काय ते मला माहीत होतं, ते गजकर्णावर काय करतं ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ट्यूब घेऊनच आईला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आईच्या कोपराजवळची कातडी खरवडून काचेवर घेतली, तपासून आल्या आणि म्हणाल्या, "गजकर्णच आहे. या ट्यूबनं खाज दाबली आणि बुरशीला मोकळं रान दिलं. ही बंद. आता काही दिवस जास्त दिसेल. घाबरून परत लावू नका."

गोळ्या दिल्या, नुसतं बुरशीचं मलम दिलं. डागाच्या बाहेर दोन बोटं चांगल्या कातडीवरही लावायचं, आणि डाग गेला तरी त्या सांगतील तेव्हाच थांबायचं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. मला आणि बाबांनाही औषध, कारण एकाला ठेवून दुसरा बरा होत नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात जनावर आहे?"

होतं. गाय व्याल्यावर मेली होती आणि तिचं वासरू आईनं बाटलीनं वाढवलं होतं. आमच्या बाजूला बिबट्या फिरतो, म्हणून ते घरातच, पडवीत बांधलेलं. आई त्याला बाळासारखंच तेल लावून चोळायची आणि आपल्या जुन्या लुगड्यानं पुसायची. ते लुगडं आमच्या कपड्यांतच धुतलं जायचं. पावसात चुलीवरच्या दोरीवर सगळं एकत्र, कधी पुरतं न वाळलेलं. वासराच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर राखेसारखे पांढरे, जाड खवले धरले होते, केस गेले होते. आईच्या दुधाविना वाढलेल्या वासराला असंच होतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

जनावरांचे डॉक्टर आले. लांबूनच बघून म्हणाले, "हेच ते. आधी ह्याला, मग तुम्हाला." हातमोजे घालून कोमट पाण्यानं खवले भिजवायचे, हलके सोडवायचे, जाळून टाकायचे, मग औषध लावायचं. वासराला उन्हात आणि कोरड्यात ठेवायचं. घरातलं मांजरही त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. मांजराच्या अंगावर काही दिसलं नाही तरी ते आणू शकतं, म्हणून त्याला अंथरुणात घ्यायचं नाही, असं सांगून गेले.

बाबांनी अंगणात कारवीच्या काठ्यांचा कूड घालून, चारी बाजूंनी आणि वरून जाळी मारून वासराला वेगळी जागा केली. वासरू हंबरायचं आणि आई दारात उभी राहायची.

"जाऊ नको गो," बाबा सांगायचे.

"लेकरू हाय ते."

"लेकरू सापगावला हाय. त्याचं बघ."

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. ट्यूब बंद केल्यावर आईचे हात पेटले. लाल, सुजलेले, रात्रभर खाज. तिनं माझ्याकडे ट्यूब मागितली, मी दिली नाही. "शिकलीस म्हनून आईला असं ठेवतेस?" ती म्हणाली. मला रडू आलं, पण ट्यूब दिली नाही. ओल्या फडक्यानं तिचे हात गार करत बसले. बुरशी उरू नये म्हणून मी कपडे उकळत्या पाण्यात घालायचे, ऊन आलं की अंगणात काढायचे, ऊन नसेल तेव्हा शेजारून इस्त्री मागून शिवणींवरून फिरवायचे. बाबांची अंतर्वस्त्रं इस्त्री करते म्हणून शेजारीण म्हणाली, "तुमच्या घरात सायेब कोन झालाय गो?" मी सांगितलं, "सगळेच."

नवरात्रापर्यंत आईची कातडी सपाट झाली. डाग काळसर उरले, पण कोंडा नव्हता, खाज नव्हती. आई म्हणाली, आता बास. मी म्हटलं, नाही. औषध चालू राहिलं. वासराच्या डोळ्यांभोवती बारीक केस उगवले. दिवाळीआधी डॉक्टरबाईंनी परत खरवडून काच पाहिली. बुरशी नव्हती. तेव्हा त्यांनी औषध थांबवलं.

आम्ही निरोप धाडला. ताईची सासू स्वतः रिक्षा करून आली, ताईला रिक्षातच बसवून ठेवलं. आईला अंगणात उजेडाला उभं केलं, बांगड्या वर सारल्या, मनगटं उलटी केली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, कोपर पाहिलं. आईनं हात तसेच पुढे धरून ठेवले.

"काळं हाय अजून."

"डाग हायत. रोग नाय," आई म्हणाली. "पोरीनं दोनदा तपासून घेतलंय."

सासूनं माझ्याकडे पाहिलं, मग परत हातांकडे. मग मागे वळून ओरडली, "उतर गो. हळू उतर. आणि विहीणबाई, चा टाका, कंबर मोडली माजी ह्या रस्त्यानं."

ताईला मुलगी झाली. आईनं तिला सव्वा महिना रोज तेल लावून आपल्या पायांवर न्हाऊ घातलं. बाळाच्या अंगावर एकही चट्टा उठला नाही.