तव्यावरचं पातं

इथिओपियातल्या गोजाम भागातल्या एका गावात म्हणतात, लोहारकाम करणाऱ्याची नजर लागते, रात्री तो तरस होऊन हिंडतो. म्हणायला काय जातं? नांगराचा फाळ मात्र त्याच्याकडूनच हवा. सोयरीक तेवढी नको.

अडमासू चांगल्या शेतकऱ्याचा मुलगा, पण लहानपणी कुंपणाआडून लोहाराचा भाता बघत बसायचा आणि त्यापायी बापाचा मार खायचा. सगळी जवानी नांगरामागे गेली, तरी हात शिवशिवायचे थांबले नाहीत. पन्नाशीत बुद्धी फिरली, आणि तीही कधी, तर उद्या मुलाकडचे येऊन लेकीला, मिंत्वाबला, होकार देणार तेव्हा. घरातली मांस कापायची सुरी मोडली, एवढं निमित्त त्याला पुरलं.

दार लावून त्यानं जुनी कानस दगडावर घासघासून पातं काढलं. कॉफीच्या शेगडीत लालबुंद केलं आणि कारळ्याच्या तेलात बुडवलं. भसकन धूर उठला, घरभर करपट वास. असं पातं काचेसारखं तडकतं, म्हणून लगेच ते इंजेराच्या, म्हणजे तिकडच्या आंबवलेल्या भाकरीच्या, गरम तव्यावर शेकायला ठेवलं. पिवळसर झालं की काढायचं.

"झालं समाधान?" बायको, शिताये, रडकुंडीला आली होती. "हा वास कुणी ओळखला तर पोरीला कोण करून घेईल?" आणि वास दडपायला तिनं घाईघाईनं मूठभर कॉफी भाजायला घेतली.

घ्या! कॉफी भाजल्याच्या वासावर शेजार येतो, हे बाई घाबरून विसरलीच. आणि आलं कोण, तर वोर्कनेश, नवऱ्या मुलाची काकू. तिची चाहूल लागताच अडमासूनं तव्यावर झाकण टाकलं.

"बोलावणं नाही, म्हटलं आपणच जावं," म्हणत ती चुलीशीच टेकली.

पहिला कप झाला, दुसरा झाला. तिसरा आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय कुणी उठत नाही. अडमासूनं झाकण उचलावं तर लेकीचं लग्न मोडणार, न उचलावं तर पातं निळं, मऊ पडून फुकट जाणार.

"इंजेरा करपेल हो," वोर्कनेश म्हणाली.

"तवा रिकामाच आहे," शिताये बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

तिसरा कप संपला. वोर्कनेश उठली, बाहेर डोकावली, दाराला कडी घातली आणि परत येऊन तिनं झाकण उचललं.

"काढा भाऊ, निळं पडायला लागलंय," वोर्कनेश हळूच म्हणाली. "आणि वास झाकायला कॉफी कसली भाजता? आमचे बाबा पातं तापवायचे, तेव्हा आई धूप जाळायची."

अडमासूला आधी काही कळेना. मग कळलं. चिमट्यात पातं धरून तो तिच्याकडे बघतच राहिला.

"असं बघू नका. उद्या कुणी विचारलं तर सुरी बाजारातून आणली म्हणा," ती म्हणाली. कडी काढता काढता ती थांबली. "माझ्या नवऱ्यालाही अजून ठाऊक नाही."