एकसष्टावं नाव

मुकुंद धारूरकर सोलापुरातल्या एका अनुदानित प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. शाळा उघडण्याआधी जे जे करायचं असतं ते सगळं त्यांनी केलं होतं. पाण्याची टाकी धुतली, पुस्तकांचे गठ्ठे सोडले, पहिलीच्या पोरांसाठी गुलाब सांगून ठेवले. राहिला होता पट. साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन, एकसष्टावं नाव असलं की तिसरा. तिसऱ्या म्हणजे चेतना मॅडम. त्यांची जागा जाऊ नये म्हणून सरांनी मुख्याध्यापकांच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय केला. शाळा सोडल्याचा दाखलाच द्यायचा नाही.

दाखला मागणारी एकटी सिद्धम्मा. विड्या वळायची. तिची भुवनेश्वरी चौथी पास होऊन अकलूजच्या वसतिगृहाच्या शाळेत निवडली गेली होती. शनिवारपर्यंत दाखला पोचला नाही तर जागा दुसरीला.

सोमवारी सर म्हणाले, क्लार्क रजेवर आहे. शाळेला क्लार्क नव्हताच. मंगळवारी रजिस्टर तपासणीला गेलं. बुधवारी शिक्का सापडेना, गुरुवारीही.

"शिक्क्याला पाय फुटलं की काय, सर?" सिद्धम्मा म्हणाली. सर हसले, जरा जास्तच हसले.

शुक्रवारी फाटकाशी तिचा आवाज आला आणि चौथं कारण काही सुचेना. तेव्हा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळालेला हा बावन्न वर्षांचा गृहस्थ खिचडीच्या तांदळाच्या कोठीत शिरला आणि पोत्यांमागे उकिडवा बसला.

सिद्धम्मा पायरीवर मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसली. तासाभरानं म्हणाली, "भुवी, सर आत हायत का बघ की."

कोठीचं दार लोटलं गेलं. भुवनेश्वरीनं सरांकडं पाहिलं. त्यांच्या मिशीला तांदळाची भुकटी लागली होती. खोटं बोलू नये, हे तिला दुसरीत त्यांनीच शिकवलं होतं. तिनं दार हळूच ओढून घेतलं.

"न्हाईत की, अव्वा. नुसती पोती हायत."

तेव्हाही बाहेर येता आलं असतं. सर आले नाहीत. मायलेकी गेल्यावर त्यांनी दाखला लिहायला घेतला. 'वर्तणूक' या रकान्यात दरवर्षी डोळे झाकून 'उत्तम' लिहिणारा हात तिथं बराच वेळ थांबला. मग 'उत्तम'च लिहिलं. शनिवारी तोरणं बांधायची होती, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. रविवारी ते दाखला घेऊन तिच्या घरी गेले.

"घावला का शिक्का?" सिद्धम्मानं विचारलं. "काल तशीच गेलते मी अकलूजला. दाखल्याबिगर घेईनात. आता ऱ्हाऊ द्या. उद्या हितंच पाठवते. तुमी कशाला उन्हाचं आलासा?"

सरांनी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात भुवनेश्वरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि ते पाणीच प्याले.

सोमवारी हजेरी झाली. "एकसष्ट," चेतना मॅडम म्हणाल्या, "वाचले बाई मी. तुमच्यामुळं, सर."

दुपारी खिचडीला तांदूळ काढायचे होते. सरांनी कोठीची किल्ली मॅडमच्या हातात दिली. "ही तुमच्याकडंच ठेवा," म्हणाले. मग पाचवीच्या वर्गावरून जायला नको म्हणून शाळेला मागून वळसा घालून ऑफिसात जाऊन बसले.