आधी मला सांगायचं

महाळुंग्याच्या कंपनीत शिफ्ट इनचार्ज झालो आणि पहिल्याच आठवड्यात मी एक दीडशहाणा नियम काढला. ऑपरेटरांनी मशीनबद्दल आपापसात बोलायचं नाही. आधी मला सांगायचं, पुढच्या शिफ्टला काय कळवायचं ते मी ठरवणार.

त्याआधी दुपारी तीनला शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा मशीनपाशी उभ्याउभ्या चहा प्यायचे. कुठलं मशीन काय खोड्या करतंय ते तेवढ्यात कळायचं. मी म्हणायचो, नुसत्या चकाट्या पिटतात. खरं सांगू? माझ्यावाचून काम अडत नाही, हेच मला सहन होत नव्हतं. दोघातिघांना सगळ्यांदेखत झापलं, तेव्हा तो चहा बंद झाला.

एके दिवशी तीनच्या सुमाराला सकाळच्या शिफ्टचे जुने ऑपरेटर टेबलाशी आले. गावातलेच, वयानं माझ्याहून मोठे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. "सायेब, तीन नंबरच्या प्रेसचा ब्रेक उशिरा लागतोय. बगा जरा."

मी फोनवर होतो. मानेनंच हो म्हटलं आणि विसरलो. विसरलो, दुसरा शब्द नाही त्याला.

चार वाजता त्याच प्रेसवर पत्रा दाबताना दुपारच्या शिफ्टच्या, लातूरकडच्या एका ऑपरेटरची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्याबाहेर मामा बसले होते. मी त्यांच्यावरच उखडलो. "मामा, त्याला का नाही सांगितलंत? गेटवर भेटला असेल ना?"

"भेटला की. राम राम झाला. पर मशीनचं बोलायचं न्हाई, आसं तुमीच म्हणला व्हता."

आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नियम मागे घेतला. सगळ्यांपुढे हात जोडले. आता तीन वाजता चहा मीच आणून ठेवतो, बोला रे बाबांनो म्हणतो. ते कप उचलतात, माझ्याकडे बघत चहा संपवतात; जाणारे जातात, येणारे कामाला लागतात. वर्ष होत आलं. कुणाच्या पाया पडू, काय करू, काही सुचत नाही.

लातूरकडचा तो आता पॅकिंगला असतो. परवा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, आज बोलेल, तोंडाला येईल ते बोलेल एकदाचं. मी उठून उभा राहिलो.

"साहेब," तो म्हणाला, "पाणी प्यायला जाऊ का?"