प्रांजलच्या शब्दावर दिलेला माळ

प्रांजल कोळेकर पहिल्यांदा विमानात बसली, तेव्हा तिच्या आईनं फोनवर एवढंच विचारलं होतं, "वरनं आपली मेंढरं दिसत्यात का गं?" आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातलं हे मेंढपाळांचं घर. पोरगी जिल्ह्याच्या गावी विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकली, बंगळुरूला नोकरीला लागली आणि कोल्हापूरहून विमानानं ये-जा करू लागली.

विमानाच्या धुरानं हवा तापते, हे तिला ठाऊक होतं. पाऊस हुकला की चाऱ्यासाठी किती लांब जावं लागतं, हे ती लहानपणी बापामागं चालून शिकली होती. त्यामुळे कॉलेजातला मित्र वीरधवल म्हणाला, "तिकिटामागं थोडे जादा पैसे दे, आमची संस्था झाडं लावते," तेव्हा तिनं लगेच होकार दिला. ऑफिसातल्या पोरापोरींच्याही मागं लागली. कुणी कौतुकानं, कुणी तिची कटकट नको म्हणून, पण भरू लागले. वीरधवलनं तिचा व्हिडिओ काढला: मेंढपाळाची लेक विमानानं फिरते आणि धुराची भरपाईही करते. झाडं कुठं लावायची, हे तिनंच सांगितलं. "आमच्या गावच्या माळावर."

पुढच्या वर्षी दिवाळीला ती घरी आली. सकाळी बाप धुळा मेंढरं घेऊन निघाला, तशी तीही निघाली. तो भलत्याच वाटेला वळला.

"आबा, इकडनं कुठं?"

"माळाला तार हाय न्हवं."

तारेपलीकडं नुसते खड्डे आणि खड्ड्यांत वाळक्या काटक्या. पाणी कुणी घातलंच नव्हतं. फलक तेवढा ताठ उभा होता आणि त्यावर प्रांजलचं हसरं तोंड.

"माळाला तार घालू द्यायला तुमी कबूल कसं झालात?"

धुळानं मेंढरं तारेपासून मागं हाकलली. "लोक तयार न्हवतीच. त्या वीरधवलनं तुझं बोलणं मोबाइलवर दावलं. म्या म्हनलं, माझी पोरगी खोटं बोलायची न्हाई. पयला अंगठा माझा. मग समद्यांनी दिला."

तिनं तिथूनच फोन लावला. "वीरधवल, झाडं कुठायत?"

"लावली की! फोटो आहेत सगळे. जगवू असं कुठं म्हटलं होतं आपण?" तो हसला. "आणि हे बघ, तुझ्याकडं बघून लोक पैसे भरतात. आता गप्प राहा."

ती गप्प राहिली नाही. फलकाखाली उभं राहून तिनं नवा व्हिडिओ काढला आणि ऑफिसात सगळ्यांना पाठवला. लोक चिडतील, जाब विचारतील असं तिला वाटलं होतं. पण ऑफिसातली साक्षी म्हणाली, "बरं झालं बाई, सुटलो एकदाचे." हळूहळू सगळ्यांनीच जादा पैसे भरणं बंद केलं. माळाचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

गावानं तार तोडली. वीरधवल दुसऱ्या गावाला माळ शोधत गेला.

शेजारच्या तानुबाईला मात्र माळ मोकळा झाल्याचा उपयोग नव्हता. माळ बंद, चारा नाही म्हणून तिनं उन्हाळ्यातच मेंढरं विकली होती. प्रांजल तिच्या दारी गेली. तानुबाईनं बसायला घोंगडं टाकलं, चहा केला.

"तुझा काय दोष गं," ती म्हणाली. पण प्रांजल उठून जाईपर्यंत तिनं तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही.