रुमालात बांधलेलं पुस्तक

सौंसरच्या आमच्या मोहल्ल्यात दर शनिवारी आम्ही लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं घरी न्यायला द्यायचो. संत्री तोडायला जाणारी एक आजी नातीसाठी पुस्तक न्यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पुस्तक घेण्याआधी ती दोन्ही हात पदराला पुसायची आणि परत आणताना ते धुतलेल्या रुमालात बांधून आणायची. एक डाग नसायचा. "पुस्तक असं जपावं," म्हणून मी पुस्तकं न्यायला आलेल्या सगळ्या बायांसमोर तिचं कौतुक केलं.

एकदा नात सोबत आली, तेव्हा परत आलेल्या पुस्तकातलं माकड दाखवून मी तिला विचारलं, "या माकडाचं पुढं काय झालं गं?" पोरगी आजीकडे पाहू लागली.

आजीच म्हणाली, "तिले कसं मालूम राहीन जी? बुद्धाच्या फोटोपाशी उंच ठेवतो मी पुस्तक. फाडलं तं? आमच्या घरी पुस्तक आता कुठं येऊन राहिलं."

माझी मान खाली गेली. ही शिकवण माझीच होती.

"फाटू द्या आजी," तेच पुस्तक पुन्हा नातीच्या हातात देत मी म्हणाले, "चिकटवू आपण."

पुढच्या शनिवारी पुस्तक रुमालाशिवाय आलं. माकडाच्या तोंडावर भला मोठा पिवळा डाग होता.

"खराब झालं जी," आजी हळूच म्हणाली. "पोरगी माकडाले संत्र्याच्या फोडी चारून राहिली होती."